लघवी आवरत नसेल तर: पुरुषांसाठी व्यायाम आणि रोजच्या सवयी

लघवी सुटायला लागली की बहुतेक पुरुष पहिला उपाय करतात तो पाणी तोडण्याचा. लातूरहून एसटीने संभाजीनगरला जायचंय, लग्नाला जायचंय, सप्ताहात कीर्तनाला बसायचंय, म्हणून सकाळपासून घोटभर पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असताना हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट ठरतो. लघवी घट्ट आणि गडद होते, मूत्राशयाच्या अस्तराला झोंबते, त्यामुळे कळ जास्त वेळा येते. वर उन्हाळी लागते, मुतखड्याची भीती वाढते आणि शौचाला खडा होतो. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि गळती आणखी वाढते. म्हणजे ज्यासाठी पाणी सोडलं तेच वाढून बसतं.

खरा इलाज साधा आहे, पण त्याला दोन अटी आहेत. गळती कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखायचं, आणि मग योग्य स्नायूचा व्यायाम निदान तीन महिने न चुकता करायचा. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारेच जास्त.

गळती कोणती ते आधी बघा

घरात नळ ठिबकत असेल तर तोटीचा वॉशर ढिला असतो. अंगणात पाणी पसरलं असेल तर कदाचित गच्चीवरची टाकी भरून वाहत असते. टाकी वाहत असताना तोटी कितीही आवळली तरी पाणी थांबत नाही. शरीरातही नेमकं हेच आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त लोक चुकतात.

खोकला, शिंक, हसू, पोतं उचलणं, हापसा मारणं, मांडी घालून बसलेलं असताना उठणं, अशा जोराच्या वेळी थेंब किंवा धार सुटत असेल तर वॉशर ढिला आहे. पुरुषांत हे मुख्यतः प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखाली, मूत्रनळीभोवती असलेल्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतर दिसतं. मूत्राशयाच्या तोंडाशी एक झडप असते, ती आपल्या इच्छेने चालत नाही. तिच्या खाली, प्रोस्टेटच्या पुढे दुसरी असते, ती आपल्या हुकमात असते. ऑपरेशनमध्ये वरची झडप कमजोर होते आणि सगळा भार खालचीवर येतो. व्यायामाचा सगळ्यात जास्त फायदा याच लोकांना होतो.

कळ आली की मोरीपर्यंत पोचवत नाही, दाराचं कुलूप काढता काढता किंवा नळाचा आवाज ऐकला की सुटते, ही घाईची गळती. यात मूत्राशयाचा स्नायू आपल्याला न विचारता आकसतो. व्यायाम इथंही लागतो, पण त्याच्या जोडीला कळ थोपवायची सवय लावावी लागते.

लघवी नीट झाली, उठून पायजमा बांधला आणि दोन पावलांवर चार थेंब आत पडले. पुरुषांत अतिशय आढळणारा आणि सगळ्यात निरुपद्रवी प्रकार हाच. अंडकोषाच्या मागे मूत्रनळीला बाक असतो. तिथं थोडी लघवी साठून राहते आणि चालताना बाहेर येते. यासाठी औषध नाही, फक्त पद्धत आहे. ती पुढे दिली आहे.

चौथा प्रकार टाकी ओसंडण्याचा. धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो, कुंथावं लागतं, झाल्यावरही पोट भरल्यासारखं वाटतं आणि दिवसभर थेंब थेंब चालूच. साठीच्या पुढच्या माणसाचं अंथरूण रात्री नव्यानेच ओलं व्हायला लागलं तर वयामुळे होतंय म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा मूत्राशय काठोकाठ तुंबलेलं असतं आणि फक्त जास्तीचं बाहेर येत असतं. अशा माणसाने आवळण्याचा व्यायाम करून काही होत नाही, उलट मागे दाब साठून मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. लघवीआधी आणि लघवी झाल्यावर अशी पोटाची सोनोग्राफी केली की मागे किती उरते ते कळतं. ५० मिलिपर्यंत उरणं चालतं, शंभरच्या बरंच वर असेल तर आधी त्याचा इलाज.

मधुमेहाची तपासणी सगळ्यांनीच करावी. रक्तातली साखर जास्त असेल तर ती पाणी ओढून नेते आणि लघवी भरपूर होते. शिवाय वर्षानुवर्षांच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर होतात आणि ते भरल्याचं कळतच नाही.

व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना कधी

लघवी पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट फुगून दुखतंय, तर रात्र असली तरी थांबू नका, त्याच वेळी लघवी काढायला नळी घालावी लागते. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ असेल तर त्याच दिवशी. पाय अचानक लटके पडले, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, संडासही कळेना, तर मणक्यातली नस दबलेली असू शकते, तासांचा हिशेब असतो. आणि लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं, एकदाच दिसलं तरी तपासून घ्यायचंच. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर नक्कीच, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे.

औषधांचीही यादी काढा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, मधुमेहातली डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी (ती साखर लघवीवाटेच बाहेर काढते), पायाला सूज आणणारी अम्लोडिपिन, यांनी फेऱ्या वाढतात. मेडिकलवरून घेतलेल्या सर्दीच्या गोळीने उलट होतं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. वेळ किंवा गोळी बदलता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारायचं.

योग्य स्नायू सापडवणे

या व्यायामाला केगल म्हणतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी तो मांडला, म्हणून हे बायकांचं काम अशी समजूत पक्की बसली. पुरुषाच्या ओटीपोटाच्या तळाशीही तसाच स्नायूंचा झोळ असतो. पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेला, लघवीची नळी आणि गुदद्वार त्यातूनच बाहेर येतात.

लघवी करून या. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर टेकवा. आता चारचौघांत बसलेलं असताना गॅस अडवावा तसं गुदद्वार आवळा. ही झाली मागची बाजू. पुरुषाला जास्त गरज पुढच्या बाजूची आहे. त्यासाठी लघवीची धार मधेच तोडतोय आणि लिंग आतल्या आत ओढून आखूड करतोय असं मनात आणा. हिवाळ्यात विहिरीच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उतरताना अंडकोष आपोआप वर जातात ना, तशी ती हालचाल आहे. फक्त इथं ती मुद्दाम करायची.

जमलं की नाही हे आरशात कळतं. कपडे काढून आरशापुढे उभे राहा आणि आवळा. लिंगाचं मूळ किंचित आत गेलं पाहिजे आणि अंडकोष वर उचलले गेले पाहिजेत. दुसरी खूण बोटाची: अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधली शिवण दोन बोटांनी दाबून धरा. आवळल्यावर तिथं घट्टपणा येऊन ती जागा बोटांपासून आत सरकते. उलट बोटं बाहेर ढकलली गेली तर तुम्ही आवळत नाही, कुंथताय. ही चूक फार जण करतात, आणि महिनोन्महिने कुंथत राहिल्याने गळती वाढते.

योगवर्गाला जाणारे विचारतात, अश्विनी मुद्रा आणि मूलबंध हेच ना? जवळचे आहेत. पण अश्विनी मुद्रेत भर गुदद्वारावर असतो. मूलबंध जास्त जवळचा, तोही पुढची ओढ जाणवेपर्यंत शिकलात तर. श्वास कोंडून करायची पद्धत मात्र इथं आणू नका.

लघवी करताना धार तोडून बघणं स्नायू ओळखायला एकदा ठीक आहे. रोजचा व्यायाम म्हणून नको. मूत्राशय अर्धवट रिकामं राहतं आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

किती, कधी, किती दिवस

दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही लागतात. सावकाश आवळण्याने स्नायूचा दम वाढतो, झटपट आवळण्याने तो वेळेवर धावून येतो.

सावकाश: आवळा, ३ सेकंद धरा, मग पूर्ण सोडा आणि ६ सेकंद मोकळं ठेवा. असं १० वेळा. दर आठवड्याला धरण्याचा वेळ एक-एक सेकंदाने वाढवत १० सेकंदांपर्यंत न्या. ७ सेकंदांना स्नायू निसटायला लागला तर त्या आठवड्यात ६ वरच थांबा. निसटलेला स्नायू धरून ठेवल्याचा आव आणला की कुल्ले आणि पोट कामाला लागतात.

झटपट: एका सेकंदात जोरात आवळा, लगेच सोडा. असं १० वेळा.

दोन्ही मिळून पाचेक मिनिटं. दिवसातून तीनदा: सकाळी अंथरुणातच, दुपारी जेवणानंतर, रात्री पाठ टेकल्यावर. पहिले दोन आठवडे झोपून करा. मग खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून, महिना-सव्वा महिन्याने उभं राहून, शेवटी चालता चालता. बरेच जण झोपूनच करत राहतात आणि मग उभं राहिल्यावर गळतंच म्हणून तक्रार करतात. लघवी सुटते ती उभं असताना, तर सरावही त्याच अवस्थेत व्हायला हवा.

फरक सहा ते आठ आठवड्यांत दिसायला लागतो, पूर्ण हिशेब तीन महिन्यांनी मांडायचा. नंतर दिवसातून एकदा करत राहायचं. बंद केलं की काही महिन्यांत स्नायू पुन्हा ढिला पडतो.

काय चुकतं

श्वास कोंडणं ही पहिली चूक. आवळताना मोठ्याने एक ते दहा म्हणा, बोलताना श्वास कोंडताच येत नाही. मांड्या किंवा कुल्ले घट्ट होत असतील तर हात ठेवून तपासा, ते मऊ राहिले पाहिजेत. बेंबीच्या खाली थोडं आत ओढलं जाणं चालतं, बेंबीच्या वरचं पोट ताठ झालं तर जोर चुकीच्या जागी आहे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सोडणं. आवळून अर्धवट सोडला तर स्नायू सतत ताठ राहतो, दमतो आणि संध्याकाळी नेमका गरजेच्या वेळी हात टेकतो. तीनाच्या जागी दहादा करणाऱ्यांचं हेच होतं. शिवणीत, वृषणात किंवा वीर्यपतनानंतर दुखायला लागलं तर व्यायाम थांबवा. ज्यांना ओटीपोटाच्या तळाशी आधीपासूनच दुखतं त्यांचा स्नायू बहुधा आखडलेला असतो. त्यांना आधी सैल सोडायला शिकायचं असतं, आणि ते फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

उचलायच्या आधी आवळा

घरी शंभर वेळा आवळलं आणि युरियाचं ४५ किलोचं पोतं उचलताना विसरलं, तर उपयोग शून्य. क्रम पाठ करा: आधी आवळा, मग श्वास सोडत उचला, पोतं खाली ठेवल्यावरच सोडा. खोकला किंवा शिंक येतेय असं कळलं की त्या क्षणी आवळा. फोडणीचा खाट उठला, कुणी ठेचा कुटायला घेतला, की तयारीतच राहा. मोटारसायकलला किक मारताना, ट्रॅक्टरवर चढताना, हापशाचा दांडा खाली दाबताना, सतरंजीवरून उठताना, दर वेळी हेच. पहिले दोन-तीन आठवडे मुद्दाम आठवावं लागतं, नंतर शरीर आपणहून करतं. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्याला मात्र एवढं पुरत नाही. ऑपरेशन झालेलं असेल तर तो हंगाम मोळीपासून लांब राहावं.

शेवटचे थेंब पिळून काढणे

लघवी संपली की काही क्षण थांबा. मग दोन-तीन बोटं अंडकोषाच्या मागे, शिवणीवर ठेवा. हलकं वर दाबत बोटं पुढे, लिंगाच्या मुळाकडे ओढत आणा. साठलेली लघवी पुढे सरकून बाहेर पडते. असं दोन-तीनदा करा, नंतर एकदा जोरात आवळा, राहिलेला थेंबही निघतो. नुसतं लिंग झटकून काही होत नाही, कारण थेंब तिथं नसतातच, ते मागच्या बाकात असतात. पँटची चेन किंवा चड्डीचं इलॅस्टिक खालून मूत्रनळीवर दाबत असेल तर तेही कारण असतं. लघवी करताना कपडे पुरते खाली घ्या.

धार बारीक असणाऱ्यांनी बसून लघवी करावी. झाल्यावर अर्धा मिनिट थांबून, किंचित पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करावा. कुंथायचं नाही.

कळ थोपवणे आणि तीन दिवसांची वही

घाईची गळती असेल तर औषधाआधी वही घ्या. लिटरची जुनी प्लास्टिकची बाटली वरून कापा. मेडिकलवर मिळणाऱ्या मापाच्या कपाने १००-१०० मिलिच्या खुणा बाहेरून करा. सलग तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळी लिहा: किती वाजता, किती मिलि, कळ साधी होती की अनावर, गळलं का, आणि काय किती प्यायलं.

वही वाचायची कशी? एका वेळी ३०० ते ५०० मिलि होत असेल तर मूत्राशयाची जागा ठीक आहे. दर वेळी ८०-१०० मिलिच होत असेल आणि तीही घाईने, तर मूत्राशयाला लवकर ओरडायची सवय लागली आहे. चोवीस तासांत पावणेतीन-तीन लिटरच्या वर लघवी असेल तर एकतर पिणं फार आहे किंवा साखर तपासायला हवी. आणि म्हातारपणी एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर दोष मूत्राशयाचा कमी आणि रात्री लघवी जास्त बनण्याचा अधिक.

सवय मोडायची तर सध्याच्या अंतरापासून सुरुवात करा. तासाला जात असाल तर पहिला आठवडा सव्वा तास. दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत पोचायचं. घरातून निघताना असू द्या म्हणून जाण्याची खोड सोडा, तिनेच मूत्राशय आखूड होतं. रात्री हा सराव नको, रात्री कळ आली तर उठून जावं.

मधे कळ आली तर? कळ वावटळीसारखी असते. शेतात वावटळ आली की माणूस पळत सुटत नाही, डोळे मिटून जागीच थांबतो आणि ती निघून जाते. जागीच थांबा, जमलं तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा. खालचा स्नायू आवळला की मूत्राशयाला शांत राहण्याचा निरोप जातो. डोकं दुसरीकडे न्या, एकोणतीसचा पाढा म्हणा, तो सहज येत नाही हाच त्याचा गुण. कळ ओसरली की सावकाश चालत मोरीकडे जा. कळ शिगेला असताना धावणं म्हणजे सुटण्याची हमी.

पाणी, चहा, तंबाखू

सावलीत बसून काम असेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पुरतो, त्यात ताक आणि चहाही मोजा. उन्हात कापूस वेचणाऱ्याला, सोयाबीन काढणाऱ्याला तीन लिटर आणि त्याहून जास्तही लागतं, कारण बरंचसं घामातून जातं. मोजत बसण्यापेक्षा रंग बघा. गव्हाच्या काडासारखा फिका पिवळा म्हणजे बरोबर, कोऱ्या चहासारखा गडद म्हणजे पाणी कमी. एकदम तांब्याभर ढोसू नका, तासाला पेलाभर घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं असेल तर तेच माप.

चहा हा आपल्याकडचा खरा अडचणीचा विषय. कप लहान असतो, पण बांधावर, पारावर, दुकानात, पाहुणे आले की, असं करत आठ-दहा होतात. चहातलं कॅफिन मूत्राशयाला चिथावतं. एकदम सोडलात तर डोकं दुखेल, म्हणून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, दोनावर या आणि संध्याकाळी पाचनंतर नको. दारूने लघवीही वाढते आणि जागही येत नाही. कोल्ड्रिंक काहींना त्रास देतं, फार तिखट काहींना. आठवडाभर बंद करून वहीत फरक पडतो का ते बघा, नाही पडला तर खा.

विडीने खोकला येतो आणि दर खोकल्याला खालच्या स्नायूवर घाव बसतो. वजन जास्त असेल तर पोटाचा भार दिवसभर मूत्राशयावर असतो. पाच-सात किलो उतरले तरी फरक जाणवतो.

शौचाला कुंथावं लागू नये. ज्वारीची भाकरी, अंबाडी-मेथीची भाजी, पेरू, पपई हे घरातलंच आहे. इसबगोल घ्यायचं तर मोठ्या पेलाभर पाण्यासोबत, कोरडं घेतलं तर आतच घट्ट होतं.

रात्रीच्या फेऱ्या

झोपण्याआधी दोन-तीन तास पिणं थांबवा. रात्रीचं दूध, जेवणानंतरचं ताक, उन्हाळ्यातलं कलिंगड, हे सगळं पाणीच आहे. गोळीपुरता घोट चालतो. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचं, खारवलेली मिरची कमी करा. खाल्लेलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि ते रात्री लघवीवाटे निघतं.

संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून खळगा पडत असेल तर दिवसभर पायांत पाणी उतरलंय. आडवं झालं की तेच पाणी रक्तात येऊन लघवी बनते. दुपारी तासभर लोडावर पाय उंच ठेवून पडा, म्हणजे ते दिवसाच निघून जाईल. सूज नवी असेल तर डॉक्टरांना दाखवा. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूसही रात्री वारंवार उठतो, तिथं मूळ दुखणं झोपेचं असतं.

शेतीला रात्रीची लाईट असेल आणि मोटार चालू करायला जावं लागत असेल तर घड्याळ बघू नका. तुम्ही झोपता त्याच्या आधीचे तीन तास मोजा.

मोरी अंगणात असेल तर अंथरुणापाशी लघवीचं भांडं ठेवा, वाटेत दिवा ठेवा. घाईत घसरून खुबा मोडणं हे गळतीपेक्षा कितीतरी महाग. लकवा, कंपवात किंवा विसराळूपणा असलेल्या वडीलधाऱ्यांना व्यायाम सांगून उपयोग नाही. त्यांना दर दोन-अडीच तासांनी घरच्यांनी स्वतःहून घेऊन जावं, रागावू नये.

पॅड, कापड, कातडी

पुरुषांसाठी पुढच्या बाजूला बसणारे छोटे पॅड मिळतात. थोड्या गळतीला पूर्ण डायपरची गरज नसते. धोतराचं जुनं मऊ सुती कापड चार पदरी करूनही चालतं, धुऊन कडक उन्हात वाळवायचं. गादीखाली मेणकापड घाला. बस लांबची असेल तर दोन पॅड, जादा चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी सोबत, आणि बाहेर जाताना गडद रंगाची पँट. दिंडीत चालतानाही हाच संच. सतत थेंब गळतात म्हणून नमाजाला जाणं बंद करू नका. अशा आजारात सवलत असते, इमामांना विचारावं.

गळती किती कमी झाली हे पॅडच्या वजनावरून कळतं. कोरडा आणि वापरलेला असे दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलि.

ओलं पॅड उन्हाळ्यात तासन् तास ठेवू नका. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या. पावडरचे गोळे होऊन घासतं. जांघेत गोल कडांची खाज सुटली तर ते गजकर्ण. त्यावर मेडिकलवरची स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग पसरतं.

लिंगावर लावायचा चिमटा मिळतो. तो दर एक-दोन तासांनी सैल करायचा, झोपताना काढायचा, आणि ज्याला तिथं संवेदना कमी आहे त्याने वापरायचाच नाही. कंडोमसारखी पिशवी लावायची तर मापाची घ्या, रोज बदला, आणि निसटते म्हणून वरून साधी चिकटपट्टी गोल गुंडाळू नका, रक्तपुरवठा अडतो.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर

शिकायचं ऑपरेशनच्या आधी, शक्यतो तीन-चार आठवडे. नंतर दुखत असताना स्नायू शोधणं अवघड जातं. लघवीसाठी घातलेली नळी आत असेपर्यंत आवळायचं नाही, नळी काढल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करायचं.

सुरुवातीला भरपूर गळतं, घाबरू नका. सुधारणेचा एक ठरलेला क्रम असतो: आधी रात्री आडवं असताना कोरडं राहतं, मग सकाळी, सगळ्यात शेवटी संध्याकाळी, कारण तोवर स्नायू दमलेला असतो. संध्याकाळी गळतंय म्हणून जास्त आवळू नका, दुपारी अर्धा तास पडा. सर्जनने सांगेपर्यंत, साधारण सहा आठवडे, जड उचलणं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल बंद. बहुतेकांचं पहिल्या तीन-सहा महिन्यांत बरंच सुधारतं, सुधारणा वर्षभर चालू राहते.

तीन महिने नीट करूनही वहीत फरक नसेल तर मूत्रविकार तज्ज्ञ गाठा. जवळ नसेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची सर्जरी ओपीडी. घाईच्या गळतीला गोळ्या आहेत. ऑपरेशननंतरची गळती वर्ष उलटूनही टिकली तर मूत्रनळीखाली आधाराची पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते. जाताना वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, साखरेचा आणि लघवीचा रिपोर्ट न्या. निघण्याआधी लघवी करू नका, सोनोग्राफीला भरलेलं मूत्राशय लागतं. जास्तीचं पॅड तेवढं खिशात असू द्या.